परिशिष्ट चौथे: टिटवीची अंडी

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. नदी होती. मोह होता, जांभूळ होतं, करवंदाच्या जाळ्या होत्या. वाघोबा होते आणि त्यांची प्रजा होती. फक्त आयोग नव्हता. आयोगावाचून ही मंडळी इतकी वर्षं जगली कशी, याचा अभ्यास अजून कोणी केलेला नाही.

त्या जंगलात पूर्वी सगळं वेळच्या वेळी व्हायचं. मृग लागला की बेडूक गळा साफ करायचे. हस्ताचा पाऊस हत्तीच्या सोंडेसारखा यायचा आणि तसाच निघून जायचा. पुढे काय झालं कोण जाणे, ऋतूंचा मेळ बिघडला. ऐन मृगात ऊन तापू लागलं आणि होळीला गारा पडू लागल्या. मोराला तर नाचावं कधी हेच कळेना. एकदा तो चैत्रात नाचला. कोणी बघायला आलं नाही. तेव्हापासून तो आजारी आहे असं सांगतो.

या जंगलात नदीकाठी एक टिटवी राहायची. तिचं नाव ठकूबाई. आवाज मोठा, पाय लांब आणि बोलणं तोंडावर. तिच्या नवऱ्याचं नाव महादू. महादू भला गृहस्थ होता. रोज पाठीवर पडून पाय वर करून झोपायचा. आभाळ कोसळलं तर पायावर पेलता यावं, म्हणून. लोक हसायचे. पण खरं सांगायचं तर आभाळाबाबत काही तयारी करून ठेवलेला तो जंगलातला एकटाच.

ठकूबाई दर उन्हाळ्यात काठावरच्या खडकाळ टेकाडावर चार अंडी घालायची. टिटवीला घरटं लागत नाही. चार खडे सरकवले की झालं घर. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. शेजाऱ्यालासुद्धा पत्ता लागत नाही.

जंगलातल्या लोकांना मात्र त्या अंड्यांत फार रस. टिटवीची अंडी उंचावर दिसली तर पाऊस उदंड, नदीच्या पात्रात दिसली तर दुष्काळ, हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा ठोकताळा. ठकूबाईच्या आजीपासून ही टिटवीघराण्याची नोकरीच होती म्हणा ना. बिनपगारी.

पण दोन वर्षं झाली, नदी मृगाच्या आधी, रोहिणीतच येऊ लागली. पहिल्या साली तिने टेकाडाच्या उतारावरची चार अंडी नेली. दुसऱ्या साली ठकूबाईने टेकाडाच्या माथ्यावर घातली. नदी माथ्यापर्यंत आली. ठकूबाई पाण्यावर घिरट्या घालून रात्रभर ओरडली. टिटवीचं ओरडणं अशुभ असतं म्हणून लोकांनी कान झाकून घेतले.

तिसऱ्या साली होळी झाल्यावर ती महादूला म्हणाली, "अहो, यंदा मी टेकाडावर बसायची नाही."

"मग कुठं?"

"वाघोबांच्या टेकडीवर जे उघडं, खडकाळ बरड आहे ना, तिथं. खडी चांगली आहे. पाणी तिथवर सात जन्मांत चढायचं नाही."

"ती जागा महाराजांची."

"महाराज वर्षातून एकदा थंडीत ऊन खायला जातात. मला वीतभर जागा पुरे."

महादूने पाय वर केले. म्हणजे चर्चा संपली.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई दरबारात गेली. वाघोबा नुकतेच जेवले होते, त्यामुळे त्यांचं मन मोठं झालेलं होतं. तिने दोन वर्षांची हकिकत सांगितली. आठ अंडी कशी गेली ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "महाराज, बरडावर वीतभर जागा द्या. पिल्लं पायावर उभी राहिली की त्याच दिवशी उठते."

"देऊन टाका की," असं वाघोबा म्हणणारच होते. म्हणजे त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दिवाणजी कोल्हे पुढे झाले.

"महाराज, आज टिटवी वर येईल. उद्या कासव येईल, परवा मासे येतील. प्रश्न जागेचा नाहीच. प्रश्न ऋतूचा आहे. ऋतू का बदलला? किती बदलला? आणि त्याबाबत आपलं धोरण काय?"

"काय आहे आपलं धोरण?" वाघोबांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"ते शोधायला एक आयोग नेमावा."

"त्यानं ऋतू ताळ्यावर येईल?"

"ते सांगता येत नाही. पण आयोग नेमला की प्रश्न आयोगाचा होतो, महाराज. आपला राहत नाही."

वाघोबांना हे इतकं आवडलं की त्यांनी पंजा चाटला.

इथे एक गोष्ट सांगतो, मुलांनो. एका पेठेत एक दुकानदार होता. त्याच्या दुकानाचं छप्पर गळायचं. त्याने गळतीखाली एक घमेलं ठेवलं. दुसरीकडे गळू लागलं, दुसरं ठेवलं. होता होता दुकानात इतकी घमेली झाली की लोक घमेली विकत घ्यायला येऊ लागले. त्या दिवसापासून त्याने छपराला हात लावला नाही. आता आपल्या गोष्टीकडे वळू.

आयोग नेमला गेला. नाव ठेवलं 'ऋतुबदल अभ्यास व धोरण आयोग'. अध्यक्षस्थानी घुबडराव. दिवसा ते डोळे मिटून असतात, म्हणून सगळे त्यांना विचारवंत समजत. सदस्य दोन. एक माकडराव, कारण झाडांच्या वरच्या फांद्यांचा त्यांना अनुभव. दुसरे गवेसाहेब, कारण आयोगात एक तरी वजनदार असावा लागतो. गवेसाहेबांना एकच शब्द येत असे, 'मान्य'. आयोगात तेवढा पुरतो. लिहायला कारकून म्हणून धोंडोपंत कासव. त्यांच्या पाठीवर आजवर सात राजवटींचं दप्तर गेलं होतं.

आयोग म्हटला की कचेरी आली. कचेरीला जागा हवी. उंच हवी, कोरडी हवी, सगळं जंगल दिसेल अशी हवी. माकडरावांनी झाडावर चढून पाहिलं आणि अशी जागा एकच निघाली. वाघोबांच्या टेकडीवरचं बरड.

कचेरीला ओटा लागतो. ओट्याला खडी लागते. जवळात जवळ बरी खडी कुठे? नदीकाठच्या टेकाडावर. पंधरा दिवसांत गवेसाहेबांनी ते टेकाड वर वाहून नेलं. खाली राहिला चिखल.

ठकूबाई धापा टाकत टेकडीवर आली. कचेरीच्या दारात धोंडोपंत पानं लावत बसले होते. सागाची वाळलेली पानं, पळसाच्या काडीने टोचलेली.

"धोंडोपंत, माझ्या जागेचं काय झालं?"

"कुठल्या? जुन्या की नव्या?"

"दोन्ही."

"नवीन जागेवर आयोग बसलाय, बाई. आणि आयोग ज्याच्यावर बसलाय ती तुमची जुनी जागा."

"मग मी बसू कुठं?"

धोंडोपंतांनी मान थोडी आत घेतली. "तो मुद्दा कार्यकक्षेत येतो. अभ्यास चालू आहे."

"माझ्या पोटात चार अंडी आहेत. ती अभ्यासासाठी थांबायची नाहीत."

"मी लिहून ठेवतो," धोंडोपंत म्हणाले, आणि त्यांनी खरंच लिहून ठेवलं. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता.

तीन दिवसांनी ठकूबाईने नदीच्या कोरड्या पात्रात वाळू बाजूला केली आणि चार अंडी घातली. दुसरीकडे खडे उरले नव्हते. ती अंड्यांवर बसली तेव्हा तिला वाळूखाली गार लागलं. नदी खालून वाहतच होती. फक्त वर यायची बाकी होती.

आठवड्याभरात आयोगाची स्थळपाहणी निघाली. काठावरच्या जांभळाखाली मुक्काम पडला. सावली दाट होती, त्यामुळे अभ्यास लांबला. सकाळी माकडराव शेपटीने नदीची रुंदी मोजायचे. दुपारी शेपटीची लांबी मोजायचे. संध्याकाळी दोन्ही आकडे ताडून पाहायचे.

एका गावात असाच एक शिंपी होता. मापं इतकी नामी घ्यायचा की बघत राहावं. पण अंगरखा शिवून होईतो पोरगं वाढलेलं असायचं. मग तो पुन्हा मापं घ्यायचा. त्या गावातली पोरं उघडी हिंडायची, पण मापं मात्र प्रत्येकाची तयार होती.

पाचव्या दिवशी माकडरावांना अंडी दिसली.

"अध्यक्षमहाराज, टिटवीने यंदा पात्रात घातलीत."

घुबडरावांनी एक डोळा उघडला. "म्हणजे?"

"म्हणजे पूर नाही. पाऊस कमी. परंपरागत ज्ञान आहे."

"उत्तम. शोध लागला. धोंडोपंत, लिहा."

ठकूबाई अंड्यांवरून उठली. "काय लिहिता? मी आपखुशीनं नाही घातली इथं. माझं टेकाड तुम्ही नेलंत म्हणून घातली."

"ते कारण झालं, बाई," माकडराव समजुतीने म्हणाले. "हा भाग निरीक्षणांचा. कारणं दुसऱ्या भागात येणार आहेत."

"दुसरा भाग कधी?"

"पहिला स्वीकारला की."

"आणि तोवर नदी आली तर?"

"कशी येईल? तुम्हीच तर पात्रात अंडी घातलीत."

"मान्य," गवेसाहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी जंगलभर दवंडी गेली. यंदा पूर नाही. प्रजेने निर्धास्त राहावं. प्रजेला निर्धास्त राहायला आवडतंच. उंदरांची सबंध आळी टेकडीच्या पायथ्याची खडकाळ बिळं सोडून नदीकाठच्या मऊ मातीत राहायला आली. साळिंदरांनी काठावर नवीन घरं खणली. ठकूबाईच्या अंड्यांभोवती आयोगाने बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि पाटी लावली, 'अधिकृत निर्देशक. हलवू नये.'

ठकूबाई कुंपणात बसून राहिली. उन्हाच्या वेळी पोट ओलं करून यायची आणि अंडी गार करायची. महादू कुंपणाबाहेर पाय वर करून झोपायचा.

वैशाख सरत आला. एका सकाळी ठकूबाईला मुंग्यांची रांग दिसली. प्रत्येकीच्या तोंडात आपलं पांढरं अंडं. रांग वर चालली होती, टेकडीकडे. घाई नाही, ओरडा नाही.

"का ग बायांनो, कुठं?" ठकूबाईने विचारलं.

"वर," मुंगी म्हणाली. तोंडात अंडं असल्यामुळे ती जास्त बोलली नाही.

ठकूबाई तडक जांभळाखाली गेली. तिने माकडरावांना मुंग्या दाखवल्या. माकडराव म्हणाले की मुंग्या आयोगाच्या निरीक्षण यादीत नाहीत. तिने पाहिलं, मुंगीचं अंडं मुंगीच्या तोंडात मावतं. टिटवीचं अंडं टिटवीच्या तोंडात मावत नाही. देवाने आवाज एवढा मोठा दिला आणि चोच अशी दिली.

दुपारी धोंडोपंत पात्रातल्या डबक्यावर पाणी प्यायला आले. ती त्यांना म्हणाली, "धोंडोपंत, मागल्या दोन सालांची आठ गेली. ही चार गेली तर मी पुन्हा बसायची नाही. तेवढी ताकद नाही राहिली. तुम्ही सात राजवटी पाहिल्यात. पुरात काय वाचतं, सांगा."

धोंडोपंत पाणी प्यायले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"दप्तर वाचतं, बाई. मी सात पूर पाहिले. राणी खाली राहिली, पोरं खाली राहिली, पण दप्तर आधी वर जातं. तसा नियमच आहे."

"म्हणजे मी दप्तर व्हायचं?"

"तुम्ही नाही. तुम्ही अर्जदार. अर्जदार खालीच असतो." त्यांनी मान बाहेर काढली. "पण अहवालाला परिशिष्टं असतात. तीन झालीत. मोजमापं, सदस्यांचा प्रवास आणि आभार. चौथं रिकामं आहे. मी काही बोललो नाही."

ते पाण्यात उतरले. ठकूबाई मात्र जागच्या जागी हलेना. डोक्यात काहीतरी उजाडत होतं.

संध्याकाळी आयोगाची निघायची तयारी चालली होती. पानांचे चार भारे वेलींनी आवळले होते. ठकूबाई घुबडरावांपुढे आली आणि आयुष्यात प्रथमच हळू आवाजात बोलली.

"अध्यक्षमहाराज, अहवाल फार विद्वत्तेचा झाला म्हणतात."

घुबडरावांचे दोन्ही डोळे उघडले.

"फक्त एक भीती वाटते. उद्या कोणी चिकित्सक निघाला आणि म्हणाला की टिटवीनं पात्रात अंडी घातलीच नव्हती, तर? सगळा निष्कर्ष त्या चार अंड्यांवर उभा. पुरावा जोडलाय का?"

घुबडरावांनी माकडरावांकडे पाहिलं. माकडरावांनी धोंडोपंतांकडे पाहिलं. धोंडोपंत कवचात होते.

"नक्कल जोडू," माकडराव म्हणाले.

"अंड्याची नक्कल कशी काढणार?" कवचातून आवाज आला. "नियमाप्रमाणे मूळ प्रतच लागेल."

"मान्य," गवेसाहेब म्हणाले.

"पण पुरावा नासका निघाला तर अहवालाची शोभा जाईल," ठकूबाई म्हणाली. "तो उबदार ठेवायला कोणीतरी लागेल. मी येते. काही घेणार नाही."

तर अशा रीतीने माकडरावांनी कुंपणाचे काटे स्वतःच्या हाताने बाजूला केले. मोहाच्या पानांचा मोठा द्रोण केला. एकेक अंडं दोन्ही हातांनी उचलून द्रोणात ठेवलं आणि द्रोण सगळ्यात वरच्या भाऱ्यावर बांधला. धोंडोपंतांनी चिठ्ठी लावली, 'परिशिष्ट चौथे, मूळ प्रत, नग चार.' ठकूबाई वर बसली. गवेसाहेब चढ चढू लागले. रस्त्यात मुंग्यांची रांग लागली. ठकूबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अंडी घातल्यापासून सत्ताविसाव्या दिवशी, रोहिणीत, नदी आली.

पहाटे महादूचं आभाळ अखेर कोसळलं. पण ते पातळ होऊन कोसळलं. पायांवर किती पेलणार? तो उठला आणि उडत वर आला. बोरीचं कुंपण गेलं. 'हलवू नये' ही पाटी सगळ्यांत आधी हलली. काठावरची मऊ माती तर नदीने वरणात भात कालवावा तशी कालवली.

ज्याला पाय होते तो टेकडीवर पळाला. कचेरीच्या दारात पहारेकरी मुंगूस उभा होता. तो म्हणाला, ही आयोगाची जागा आहे, आत फक्त अहवाल. मग स्वतः वाघोबा भिजून आले तेव्हा तो बाजूला झाला, आणि मागोमाग सगळे घुसले.

उंदरांच्या आळीतली एक उंदरीण तोंडात एक पिल्लू धरून आली. तिने ते ओट्यावर ठेवलं आणि पुन्हा दाराकडे धावली. बाहेर नुसतं पाणी होतं. ती परत आली. भाऱ्यावर बसलेल्या ठकूबाईकडे तिचं लक्ष गेलं.

"बाई, तुम्ही तर खालीच घातली होती ना? म्हणून आम्ही खाली गेलो."

ठकूबाईने मान फिरवली.

वाघोबांनी अंग झटकलं. ते आता जेवलेले नव्हते. "घुबडराव. पूर नाही, अशी दवंडी होती. मग हे काय आहे?"

घुबडरावांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, संपले. पण विचारवंत डोळे मिटून असतो तेव्हाच धोकादायक असतो.

"महाराज," ते म्हणाले, "यंदा टिटवीची अंडी कुठे आहेत?"

वाघोबांनी पाहिलं. "ही काय, इथं."

"ही जागा किती उंच?"

"सगळ्यात उंच."

"टिटवीची अंडी सगळ्यात उंच असली तर पाऊस कसा?"

"उदंड," सगळी प्रजा एका सुरात म्हणाली. वाडवडिलांपासूनचा ठोकताळा होता तो.

"आयोगाने ते परिशिष्ट चारमध्ये, मूळ प्रतीसह, दाखवून ठेवलं आहे. लोक पहिलं पान वाचतात आणि दवंडी पिटतात. त्याला आयोग काय करणार?"

"मान्य," गवेसाहेब म्हणाले.

उंदरीण पुढे झाली. "खोटं आहे. ही अंडी पात्रात होती. बाईंना विचारा."

सगळ्यांच्या माना ठकूबाईकडे वळल्या. दिवाणजींची शेपूट हलायची थांबली. वाघोबा म्हणाले, "बोल, टिटवे. अंडी कुठं होती?"

ठकूबाईने चोच उघडली. खरं तिच्या जिभेवर होतं आणि जंगलात तिच्याएवढा मोठा आवाज कोणाचा नव्हता. पण खरं बोललं की परिशिष्ट रद्द होणार, आणि रद्द झालेलं परिशिष्ट दाराबाहेर जाणार. दाराबाहेर पाणी होतं.

तेवढ्यात तिच्या पोटाखाली काहीतरी टुचकन लागलं. मग पुन्हा लागलं. आतून कोणीतरी दार ठोठावत होतं.

ठकूबाईने चोच मिटली. पंख खाली घेतले.

"माझं म्हणणं परिशिष्टात आहे, महाराज," ती म्हणाली.

उंदरीण तिच्याकडे पाहत राहिली. मग आपलं एक पिल्लू उचलून कोपऱ्यात गेली.

पाऊस तीन दिवस पडला. अहवालाच्या चार भाऱ्यांवर चार पिल्लं निघाली आणि त्याच दिवशी चालू लागली. ती पहिल्या भागावर चालली, निष्कर्षांवर चालली, आभारांवर शिटली. अहवाल इतका कोणीच फिरून पाहिला नव्हता. वाघोबांनी आयोगाचं कौतुक केलं आणि तीन वर्षांची मुदतवाढ दिली. शिफारस एकच होती: कचेरीचा ओटा आणखी उंच करावा. त्यासाठी टेकडीच्या पायथ्याची खडी घ्यायचं ठरलं. तिथे पूर्वी उंदरांची बिळं होती.

महादू हल्ली पाय खाली करून झोपतो.

पुढच्या होळीनंतर ठकूबाई टेकडीवर आली. धोंडोपंतांनी सवयीने अर्जाचं पान पुढे सरकवलं. तिने ते चोचीने बाजूला केलं. दारापाशी तीच उंदरीण अर्ज घेऊन उभी होती. ठकूबाई तिच्या अंगावरून आत गेली आणि हळूच म्हणाली, "धोंडोपंत, यंदा कितवं परिशिष्ट रिकामं आहे?"

तात्पर्य: पुराच्या भीतीने उंच जागा मागत हिंडू नये, अहवालात जागा शोधावी. प्रजा वाहून जाते, परिशिष्टं राहतात. आणि खरं बोलायची हौस असेल तर, मुलांनो, आधी पिल्लं पायावर उभी राहू द्यावीत. तोवर आयोगाला मुदतवाढ मिळालेली असते आणि खऱ्याची कोणाला फारशी घाई उरत नाही.